३० दिवसांच्या गोळ्या, ४६ दिवस: फार्मसीच्या वर्गात अचेतन पूर्वग्रह शिकवण्याचे एक प्रकरण

अचेतन पूर्वग्रहावरचा तास बहुतेक ठिकाणी व्याख्यानाने सुरू होतो आणि ‘सर्वांना समान वागणूक द्या’ इथे येऊन संपतो. याला वर्गातल्या कुणाचाच विरोध नसतो. अडचण काउंटरवर उभे राहिल्यावर येते, कारण तिथे पूर्वग्रह उघड मत म्हणून क्वचितच दिसतो. जो प्रश्न विचारायला हवा होता तो सुचलाच नाही, अशा रूपात तो दिसतो. म्हणून पुढचे प्रकरण असे रचले आहे की न विचारलेल्या एका प्रश्नाचा परिणाम थेट औषधाच्या मात्रेवर व्हावा. रुग्ण काल्पनिक आहे. औषधे, मात्रा आणि धोका खरे आहेत.

प्रकरण

५२ वर्षांची स्त्री. टाइप २ मधुमेह चार वर्षांपासून. चालू औषधे दोन: मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा जेवणाबरोबर आणि ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळी नाश्त्याबरोबर. ताज्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा निर्देशांक) ८.४ टक्के. हा आकडा पाहून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड २ वरून ४ मिग्रॅ केले आहे आणि ती नवी चिठ्ठी घेऊन बाई काउंटरवर आल्या आहेत. सोबत २० वर्षांचा मुलगा आहे.

संगणकावरची औषधांची नोंद अशी: पहिल्या खेपेचा दिवस शून्य धरला तर ग्लिमेपिराइडच्या ३०-३० गोळ्या शून्य, ४६ आणि ९० व्या दिवशी नेल्या; आज १३७ वा दिवस आहे. मेटफॉर्मिनच्या ६०-६० गोळ्या शून्य, ३१, ६१, ९२ आणि १२२ व्या दिवशी नेल्या.

ग्लिमेपिराइडचा हिशेब केला तर ९० दिवसांच्या गोळ्या १३७ दिवस पुरल्या, म्हणजे औषध हाताशी असलेल्या दिवसांचे प्रमाण ६६ टक्के. हे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेले की रुग्ण औषध नियमित घेत नाही असे मानण्याचा प्रघात आहे. या नोंदीवरही तशी लाल खूण आहे.

विद्यार्थ्यांच्या हाती एवढेच देतात. मेटफॉर्मिन अगदी वेळेवर नेले जाते, याकडे त्यांचे लक्ष कुणी वेधत नाही. तारखा समोर आहेत, त्या वाचायच्या असतात. निष्काळजी माणूस दोन्ही गोळ्या चुकवतो. एकच गोळी मोजून-मापून चुकत असेल तर त्यामागे काहीतरी कारण आहे.

ते कारण फक्त शिक्षकाला आणि रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीला माहीत असते. बाईंना आठवड्यातून दोन-तीन रात्रपाळ्या असतात. पाळीवरून घरी आल्यावर त्या सकाळी झोपतात, नाश्ता होत नाही. सुरुवातीला त्यांनी अशा दिवशीही गोळी घेतली होती. तेव्हा दोनदा हात थरथरले, घाम फुटला, छातीत धडधडले आणि साखर खाल्ल्यावर बरे वाटले. चिठ्ठीवर ‘नाश्त्याबरोबर’ लिहिलेले होते, म्हणून नाश्ता नाही त्या दिवशी गोळी नाही असा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला. थरथर झाल्याचे त्यांनी घरी सांगितलेले नाही. मुलाला कळले तर तो काम सोडायला लावेल, आणि काम सोडायची त्यांची इच्छा नाही.

हेच औषध का निवडले

ग्लिमेपिराइड सल्फोनिलयुरिया गटातले आहे. रक्तातली साखर कमी असतानाही ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते आणि त्याचा परिणाम सुमारे २४ तास टिकू शकतो. म्हणून जेवण चुकले की साखर खाली जाण्याचा धोका याच गोळीने येतो. एकट्या मेटफॉर्मिनने तसे क्वचितच होते. बाईंनी नेमकी धोक्याची गोळी वगळली आणि बिनधोक गोळी चालू ठेवली. औषधशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा निर्णय समंजस होता.

आता विद्यार्थ्याने ‘रुग्ण बेफिकीर आहे’ असे गृहीत धरले तर काय होते ते पाहा. तो गोळ्या रोज घेण्याचे महत्त्व समजावतो, मुलाला लक्ष ठेवायला सांगतो आणि ४ मिग्रॅची पाकिटे देतो. बाईंनी त्याचे ऐकले तर रात्रपाळीनंतरच्या उपाशी सकाळी त्यांच्या पोटात आधीच्या दुप्पट मात्रा जाईल. म्हणजे समुपदेशन जितके परिणामकारक, तितका धोका मोठा. हा पेच विद्यार्थ्यांना हादरवतो, आणि तसे होणे गरजेचे आहे. पूर्वग्रह वाईट असतो हे त्यांनी ऐकलेले असते. नियमानुसार, गोड शब्दांत दिलेला सल्लाही त्यामुळे घातक ठरू शकतो हे त्यांनी पाहिलेले नसते.

आणखी एक गोष्ट. डॉक्टरांनी एचबीए१सी पाहिला, पण गोळ्या कोणत्या तारखांना नेल्या ते त्यांच्यासमोर नव्हते. दोन्ही माहिती एका जागी येते ती फक्त औषधाच्या काउंटरवर. तिथे चूक निसटली तर ती पकडणारे पुढे कुणी नाही.

पहिला टप्पा: एक ओळ वेगळी

वर्ग ६० जणांचा धरला आहे: सहा-सहाचे दहा गट, एकूण वेळ तीन तास. पहिली २० मिनिटे कागदावर. प्रत्येक गटाला रुग्णाचे कार्ड, चिठ्ठी आणि नोंद मिळते. पाच गटांच्या कार्डावर लिहिलेले असते, ‘व्यवसाय: रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ’. उरलेल्या पाच गटांच्या कार्डावर, ‘व्यवसाय: रुग्णालयात सफाई कामगार, पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून स्थलांतरित’. बाकी एक अक्षरही वेगळे नसते. कार्डे दोन प्रकारची आहेत हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. दोन्ही कामांत पाळ्या असतात, त्यामुळे खरे कारण दोन्हींकडे सारखेच संभवते.

प्रत्येक गटाने तीन गोष्टी लिहायच्या: गोळ्या उशिरा नेण्याची तीन संभाव्य कारणे, शक्यतेच्या क्रमाने, रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न, जसाच्या तसा, आणि नोंदवहीत लिहायचे एक वाक्य. या टप्प्याला गुण नसतात. कागदावर गटाचे नाव नसते, फक्त कार्डाचा रंग असतो.

नंतरच्या २५ मिनिटांत सगळी उत्तरे फळ्यावर दोन स्तंभांत लागतात आणि मग कार्डांमधला फरक सांगितला जातो. कुठे पाहायचे? कारणांच्या क्रमाकडे. तंत्रज्ञाच्या स्तंभात ‘दुष्परिणाम’ किंवा ‘कामाच्या वेळा’ वर आहेत का, आणि सफाई कामगाराच्या स्तंभात ‘समजले नसेल’, ‘परवडत नसेल’, ‘घरगुती उपायांवर विश्वास’ वर आहेत का? पहिला प्रश्न ‘काही त्रास होतो का’ असा आहे, की ‘गोळ्या कशा घ्यायच्या ते माहीत आहे ना’ असा? दुसऱ्या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेले आहे.

फरक दर वेळी ठळक निघेलच असे नाही. पाच विरुद्ध पाच गटांच्या तुलनेतून काही सिद्ध होत नाही, आणि शिक्षकाने तसा आव आणू नये. फरक निघाला नाही तर दुसरा प्रश्न तयार ठेवावा: दोन औषधांच्या तारखांमधली तफावत किती गटांनी टिपली? बऱ्याच गटांच्या नजरेतून ती सुटलेली असते, कारण लाल खूण दिसली की वाचन तिथेच थांबते. ‘औषध न घेणारा रुग्ण’ हाही एक साचा आहे, आणि तो दोन्ही कार्डांवर सारखाच बसतो.

संशोधन केव्हा आणि किती

आकडेवारी या तुलनेनंतर सांगावी, आधी नाही. आधी सांगितली की विद्यार्थी सावध होतात आणि काय अपेक्षित आहे ते ओळखून तसे लिहितात. पाच-सात मिनिटे पुरतात.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना काळ्या-गोऱ्या शरीरांतल्या कथित फरकांबद्दलची विधाने दिली होती. ‘काळ्यांची त्वचा जाड असते’ हे त्यातले एक. सुमारे निम्म्यांनी किमान एक खोटे विधान खरे मानले, आणि असे मानणाऱ्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी लेखली व उपचारही कमी अचूक सुचवले. सगळे शिकलेले, सद्भावनेचे लोक होते.

फार्मसीच्या वर्गात मात्र २००० सालचा न्यूयॉर्क शहराचा अभ्यास जास्त उपयोगी पडतो. प्रामुख्याने बिगरगोऱ्या वस्त्यांतल्या फक्त २५ टक्के औषध दुकानांत तीव्र वेदनेसाठी ओपिऑइडचा (अफूवर्गीय वेदनाशामकांचा) पुरेसा साठा होता; प्रामुख्याने गोऱ्या वस्त्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते. यात काउंटरवरचा फार्मासिस्ट कितीही भला असला तरी रुग्ण रिकाम्या हातांनी परत जातो. पूर्वग्रह साठ्याच्या मागणीपत्रातही असतो, हे विद्यार्थ्यांनी इथेच समजून घेतले पाहिजे. नाहीतर सगळा विषय ‘माझा स्वभाव’ एवढ्यावर येऊन थांबतो.

इम्प्लिसिट असोसिएशन टेस्टबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. ग्रीनवाल्ड, मॅकगी आणि श्वार्ट्झ यांनी ती १९९८ मध्ये मांडली. शब्द किंवा चित्रे कळ दाबून गटांत टाकायची असतात आणि त्याला लागणाऱ्या वेळेवरून मनातल्या जोड्यांचा अंदाज बांधला जातो. तीच व्यक्ती पुन्हा चाचणीला बसली तर दोन निकालांचा परस्परसंबंध साधारण ०.५ येतो (१ म्हणजे पूर्ण जुळणी). एका माणसाचे निदान करायला हे पुरेसे नाही. तेव्हा चाचणी कुतूहल म्हणून घरी द्यायला हरकत नाही. निकाल वर्गात विचारू नये आणि त्यावर गुण तर मुळीच देऊ नयेत. २०१९ मध्ये ४९२ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा असे दिसले की चाचणीतला आकडा बदलवता येतो, पण त्यामुळे वागणूक बदलते असे दिसत नाही. या प्रकरणात मनोवृत्ती मोजलेली नाही, प्रश्न मोजले आहेत. त्याचे कारण हेच.

दुसरा टप्पा: काउंटर

दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर ६० मिनिटांचे प्रत्यक्ष संवाद. पाच खोल्या, प्रत्येकीत आईची आणि मुलाची भूमिका करणारे दोघे. आठ मिनिटे संवाद, चार मिनिटे अभिप्राय. म्हणजे एका खोलीत पाच संवाद, एकूण २५. उरलेले ३५ जण निरीक्षक असतात आणि पुढच्या प्रकरणात त्यांची पाळी येते. या टप्प्यात सगळ्यांसमोर एकच रुग्ण असते: स्थलांतरित, विद्यार्थ्यांची भाषा थोडीफार समजणारी, पण बोलायला संकोचणारी. मुलगा दोन्ही भाषा बोलतो आणि आईच्या वतीने भराभर उत्तरे देतो.

भूमिका करणाऱ्यांसाठी माहिती उघड करण्याचे नियम पक्के असावेत, नाहीतर पाच खोल्यांत पाच वेगळी प्रकरणे होतात.

‘गोळ्या रोज घेता का?’ असे विचारले तर आई मान हलवते आणि मुलगा म्हणतो, “हो हो, घेते.” एवढेच.

आईकडे पाहून, खुल्या प्रश्नाने विचारले, उदाहरणार्थ “कोणत्या दिवशी ही गोळी घेणं जमत नाही?”, तर आई रात्रपाळी आणि नाश्ता यांबद्दल सांगते.

थरथर आणि घाम यांची माहिती तेव्हाच बाहेर येते, जेव्हा विद्यार्थी मुलाला काही मिनिटे बाजूला थांबायला सांगतो किंवा फोनवरच्या प्रशिक्षित दुभाष्याची सोय काढतो. मुलाला सांगण्याचे कारण आई अवघडणार नाही असे हवे. “काऊन्सेलिंग आम्ही प्रत्येक पेशंटशी पाच मिनिटं एकट्यानंच करतो, तू तिथे बसतोस का?” हे चालते. “तुझ्यासमोर त्या बोलणार नाहीत” हे चालत नाही.

भूमिकेसाठी ती दुसरी भाषा खरोखर बोलणारी व्यक्ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मोडकी भाषा किंवा उच्चारांची नक्कल अजिबात करू नये. आईने कमी बोलावे, हळू बोलावे, मुलाने जास्त बोलावे. नकलेवर वर्गात एकदा हशा पिकला की तास तिथेच हातचा गेला.

निरीक्षकाच्या कागदावर मत लिहायला जागा नसते, मोजायच्या गोष्टी असतात. पहिला प्रश्न खुला होता की हो-नाहीचा? विद्यार्थ्याची नजर आणि वाक्ये आईकडे किती वेळा गेली, मुलाकडे किती वेळा? आई बोलू लागल्यावर किती सेकंदांत तिला तोडले? संबोधन काय होते? पहिल्या टप्प्यात तंत्रज्ञाला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणणारा इथे ‘मावशी, तू’वर येतो का, हेही टिपावे. साखर कमी होण्याच्या लक्षणांबद्दल विचारले का? शेवटी समजलेले रुग्णाच्या तोंडून परत ऐकले का?

अपेक्षित संवादाचा एक तुकडा:

विद्यार्थी: “काकू, मेटफॉर्मिन तुम्ही अगदी वेळेवर नेता. दुसऱ्या गोळ्या मात्र जास्त दिवस पुरलेल्या दिसतात. ही गोळी कोणत्या दिवशी घेणं जमत नाही?”

मुलगा: “ती विसरते कधी कधी.”

विद्यार्थी: “सांगतोयस ते लक्षात घेतो. काकू, तुमच्याकडून ऐकायचं होतं.”

आई: “रात्री काम असतं तेव्हा... सकाळी खाणं होत नाही. तेव्हा नाही घेत.”

विद्यार्थी (मुलगा बाजूला जाऊन बसल्यावर): “न खाता घेतली तेव्हा कधी काही त्रास झाला होता?”

सुरुवात रुग्ण जे नीट करतो तिथून आहे, तारीख पुराव्यासारखी तोंडावर फेकलेली नाही आणि ‘का’ हा शब्द टाळलेला आहे. ‘गोळ्या का चुकवता?’ यात आरोप ऐकू येतो. ‘कोणत्या दिवशी’ विचारले की रुग्ण आठवू लागतो.

दुभाषी वापरताना बोलणे रुग्णाशीच ठेवावे. ‘त्यांना विचारा की त्यांना चक्कर येते का’ असे न म्हणता ‘तुम्हाला चक्कर येते का’ असे म्हणावे. एका वेळी एकच प्रश्न, वाक्य छोटे. नातेवाईक दुभाषी असला की तो गाळतो, भर घालतो, स्वतःची काळजी मधे आणतो. यात त्याचा दोष नाही, पण मात्रेचा निर्णय त्यावर विसंबून घेता येत नाही.

योग्य शेवट कोणता

विद्यार्थ्याने ४ मिग्रॅची पाकिटे थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. फोनवरचे बोलणे मिनिटभराचे असावे: “ग्लिमेपिराइड ४ मिग्रॅची चिठ्ठी आली आहे. नोंदीनुसार २ मिग्रॅच्या ३० गोळ्या ४४ ते ४७ दिवस पुरतात, मेटफॉर्मिन वेळेवर आहे. रुग्ण रात्रपाळीनंतर नाश्ता करत नाहीत. उपाशी घेतल्यावर दोनदा थरथर आणि घाम झाला, साखर खाल्ल्यावर उतरला. मात्रा वाढवण्याआधी पुन्हा पाहाल का? गोळीची वेळ मुख्य जेवणाबरोबर बांधणं, किंवा साखर खाली न्यायचा धोका कमी असलेल्या गटातलं औषध, असे पर्याय दिसतात.” निर्णय डॉक्टरांचा. पण पर्याय न सुचवता नुसती अडचण कळवणे हे अर्धे काम झाले.

रुग्णाला त्याच वेळी सांगायचे: साखर ७० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली गेली किंवा तशी लक्षणे दिसली की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. सल्फोनिलयुरियाचा परिणाम लांबतो म्हणून बरे वाटल्यावर काही खाऊन घ्यावे, आणि पुन्हा लक्षणे आली तर थांबू नये. मुलाला काय सांगायचे हे आईला विचारून ठरवावे.

चर्चेत काय बिघडते

५० मिनिटांची चर्चा हा तासाचा गाभा आहे. ती नेहमी दोन-तीन जागी घसरते.

सर्वांत मोठी घसरण म्हणजे ‘त्यांच्या संस्कृतीत काय असते ते आधी सांगितले असते तर बरे झाले असते’ हा सूर. विद्यार्थ्यांना यादी हवी असते: अमक्या समाजाचे लोक असे, तमक्यांना हे चालत नाही. या प्रकरणात कुठलीही यादी कामी येत नाही, आणि ते मुद्दाम आहे. कारण पाळीचे वेळापत्रक होते. ‘घरगुती उपायांवर विश्वास’ असे लिहिणाऱ्या गटाने आपण संस्कृतीचा आदर करतो आहोत असेच मानले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या देशातून आलेल्या बाईंच्या प्रत्येक वागण्याला संस्कृतीचे लेबल लावणे हाही पूर्वग्रहच आहे, फक्त सौम्य चेहऱ्याचा. तंत्रज्ञाच्या कार्डावर कुणी संस्कृती शोधली होती का, हा प्रश्न इथे विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. शांतता लांबली तरी चालेल.

यादी कधीच नको असे नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते, काही द्रवरूप औषधांत अल्कोहोल असते, रक्त गोठू न देणारे हेपरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. फार्मासिस्टला हे ठाऊक असलेच पाहिजे. पण ही औषधाची माहिती आहे. ती कुणाला महत्त्वाची वाटेल हे नावावरून किंवा पेहरावावरून ठरवायचे नाही, सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा: “औषधात काय चालत नाही असं काही आहे का?”

मेलनी टेर्वलोन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी १९९८ मध्ये सांस्कृतिक नम्रतेची कल्पना मांडली, ती याच ठिकाणी वर्गात आणावी. इतरांची संस्कृती शिकून कधीतरी ‘पारंगत’ होता येते या समजुतीऐवजी त्यांनी तीन गोष्टी पुढे ठेवल्या: स्वतःला आयुष्यभर तपासून पाहणे, रुग्ण आणि उपचारक यांच्यातल्या सत्तेच्या असमतोलाकडे लक्ष देणे, आणि संस्थेनेही जबाबदारी घेणे. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा कळत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला असणे ही सत्ता आहे, पाकीट द्यायचे की थांबवायचे हे तिथे ठरते; शिकाऊ विद्यार्थ्याला स्वतः सत्ताधारी असल्यासारखे वाटत नाही, म्हणून हे उदाहरणानेच दाखवावे लागते. तिसऱ्या गोष्टीसाठी साधा प्रश्न पुरेसा आहे: तुमच्या प्रशिक्षणाच्या जागी दुभाष्याचा फोन नंबर कुठे लावलेला आहे?

दुसरी घसरण अपराधीपणाची. ‘अशिक्षित असावी’ असे लिहिणारा गट ओळखू आला की वर्ग त्याच्यावर तुटून पडतो, आणि बाकीचे पुढच्या वेळी काहीच लिहीत नाहीत. कागदांवर नावे नसतात ती यासाठी. त्याचबरोबर, स्थलांतरित कुटुंबातल्या किंवा वंचित समाजातल्या विद्यार्थ्याला ‘तुझा अनुभव सांग’ असे शिक्षकाने कधीही म्हणू नये. त्याला स्वतःहून बोलायचे असेल तर बोलेल; तो वर्गात फार्मसी शिकायला आला आहे, समाजाची बाजू मांडायला नाही.

तिसरी गोष्ट गोड पण पोकळ संवादाची. विद्यार्थी हसतो, “मी समजू शकतो” म्हणतो, मान हलवतो आणि शेवटी सांगतो, “तरी रोज घ्या हं.” ऐकायला छान वाटते. नजर फक्त सौजन्यावर असेल तर अशा संवादाला भरघोस गुण मिळतात, म्हणून गुणांची वाटणी सुरक्षिततेच्या बाजूने झुकलेली हवी. २० पैकी ८ गुण सुरक्षिततेला: दोन औषधांतली तफावत ओळखणे ३, साखर कमी होण्याबद्दल विचारणे ३, औषध थांबवून डॉक्टरांशी बोलणे २. विचारपूस ६, थेट संबोधन आणि दुभाष्याचा वापर ३, लेखी नोंद ३. उत्तीर्ण होण्यासाठी १२. काहीही न विचारता ४ मिग्रॅ देणारा विद्यार्थी बाकी गुण कितीही असले तरी अनुत्तीर्ण.

नोंद

शेवटची १५ मिनिटे लिहिण्याची. पहिल्या टप्प्यात लिहिलेले वाक्य परत हाती देऊन ते नव्याने लिहायला सांगतात. आधीचे बहुधा असे असते: ‘रुग्ण औषधे नियमित घेत नाही, समज कमी, मुलाला सूचना दिल्या.’ नंतरचे असे हवे: ‘ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, ३० गोळ्या ४४–४७ दिवस पुरतात, मेटफॉर्मिन वेळेवर. रात्रपाळीनंतर नाश्ता होत नसल्याने त्या दिवशी गोळी घेत नाहीत. उपाशी घेतल्यावर दोनदा थरथर, घाम. ४ मिग्रॅ थांबवले, डॉक्टरांना कळवले.’

हे सोपस्कार नाहीत. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना सिकल सेल या तीव्र वेदना देणाऱ्या रक्तविकाराच्या एकाच काल्पनिक रुग्णाच्या दोन नोंदी दिल्या होत्या, एक तटस्थ भाषेत, दुसरी दूषण लावणाऱ्या भाषेत. दुसरी वाचणाऱ्यांचा रुग्णाकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक नकारात्मक होता आणि त्यांनी वेदनेवर सौम्य उपचार निवडले. नोंद पुढचा माणूस वाचतो, आणि त्याचा पहिला प्रश्न ती आधीच ठरवून ठेवते.

सहा आठवड्यांनंतर

एका तासाचा परिणाम टिकेल असे मानू नये. २०१६ साली तपासलेल्या नऊ पद्धतींनी मनातल्या जोड्या लगेच कमी केल्या होत्या, पण काही तासांत किंवा काही दिवसांत सगळे पूर्ववत झाले. म्हणून सहा आठवड्यांनी विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणाच्या जागी स्वतः लिहिलेल्या तीन नोंदी ओळख पुसून आणाव्यात आणि जोडीदाराने त्यांतले निकाल देणारे शब्द आणि तारखा-लक्षणे वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करावीत.

त्याच दिवशी दुसरे, छोटे प्रकरण घ्यावे, आणि मागच्या वेळचे निरीक्षक आता बोलणारे व्हावेत. औषध मुद्दाम उलट्या बाजूचे, गरजेपेक्षा जास्त वापरले जाणारे: दम्यात लगेच आराम देणारा २०० मात्रांचा सॅल्ब्युटामॉल इन्हेलर तीन आठवड्यांत संपवणारा तरुण. म्हणजे दिवसाला नऊ-दहा फवारे. ‘सवय लागली आहे’ किंवा ‘विकत असेल’ असा तर्क पटकन येतो. विचारायचे मात्र वेगळे: प्रतिबंधक इन्हेलर कधी लिहून दिला होता का, फवारा घेऊन दाखवता का, घरात आणखी कुणी हाच इन्हेलर वापरते का, रात्री किती वेळा जाग येते. वर्षाला तीन किंवा जास्त इन्हेलर संपत असतील तर दम्याच्या तीव्र झटक्याचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे इथेही डॉक्टरांना फोन करायचाच आहे. या वेळी कार्डांवरची वेगळी ओळ कोणती असावी, हे विद्यार्थ्यांनाच ठरवायला द्यावे.